आषाढातली तालीम

शुक्रवार, रात्र

आषाढ लागला. लग्नाची शेवटची सुपारी वाजवून आठवडा झाला. आता गणपतीपर्यंत बँड रिकामा. या दिवसांत एरवी आम्ही ड्रेसची तुटलेली बटणं लावत बसतो. यंदा म्हटलं, जिची सुपारी कधीच कुणी देणार नाही ती वाजवू. आकाशवाणीची सकाळची धून.

जोडभावी पेठेतल्या खोलीवर पोरं हसली. "मास्तर, ह्याला ठेका कुठाय?" खरंच नाही. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. राग शिवरंजनी, म्हणजे आमच्या लेखी पाठवणीचा माल!

धून बांधली वॉल्टर कौफमननं, १९३६ साली. हा ज्यू, कार्ल्सबाडचा (आताच्या चेक देशातलं गाव). प्रागमध्ये डॉक्टरेट करत होता, पण मार्गदर्शक नाझींचा निघाला, तर यानं पदवीच सोडली. (मला हा माणूस इथंच आवडला.) हिटलर आल्यावर १९३४ला मुंबई गाठली, कारण व्हिसा सहज मिळत होता. आपल्या गाण्याच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. पण एवढी माणसं ज्यावर जीव टाकतात, ते न कळणं ही खोट आपलीच, असं त्यानं धरलं. आल्याबरोबर बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. स्वतःच्या नव्या रचनाही तो मुंबईत वाजवून घ्यायचा. पुढं कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर झाला.

तर तंबोरा आणायचा कुठून? दोन युफोनियम घेतले, म्हणजे जाड आवाजाचे पितळी बाजे. एकाचा दम संपायच्या आत दुसऱ्यानं तोच सूर उचलायचा. पहिल्या चार खेपा मध्ये भोक पडलं. वरातीत श्वास चुकला तर ड्रम झाकून घेतो. इथं सगळं उघडं. मीही क्लॅरिओनेटवर कोमल गंधार असा पिळला, की समोर नवरी रडतेय. सवय, दुसरं काय. पाचव्या खेपेला गंधार नुसता लावून सोडला आणि खालचा सूर तुटला नाही.

साइड ड्रमवाला पोरगा सुरुवातीलाच म्हणाला होता, "मग मी घरी जाऊ?" त्याला बसवून ठेवला. तासभर काड्या मांडीवर ठेवून तो गप्प ऐकत होता.

साडेदहाला आम्ही वाद्यं पुसायला घेतली, तर म्हणतो, "अजून एकदा घ्या की."

घेतली.