आमची वाटचाल : लाल दोरा, निळा दोरा

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटलं की सहावी-सातवीतल्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांपुढे झोपाळे, घसरगुंडी आणि फुलांचे वाफे येतात. यात मुलांची चूक नाही, शब्दातच उद्यान आहे. म्हणून शाळांसाठी आम्ही राष्ट्रीय उद्यानांवरचे जे शैक्षणिक संच बनवतो, त्यांचा पहिला तास या शब्दापासूनच सुरू होतो.

सुरुवातीला आम्ही तक्ते काढायचो : उद्यानाचं नाव, स्थापनेचं वर्ष, क्षेत्रफळ, प्राणी. तक्ते दिसायला छान होते. मुलं वर्ष घडाघडा सांगायची, पण ‘उद्यानाची हद्द इथूनच का गेली?’ असं विचारलं की वर्ग गप्प. खरा इतिहास त्या हद्दीत असतो आणि भूगोलही. तक्ते बंद केले आणि सगळा संच सीमारेषेभोवती नव्याने बांधला.

पहिल्या संचासाठी अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान निवडलं, कारण त्याची पहिली हद्द थेट कायद्याच्या मजकुरात सापडते. १८७१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ हेडन यांच्या सर्वेक्षण तुकडीने हा भाग पाहिला. जॅक्सन यांची छायाचित्रं आणि मोरान यांची चित्रं त्याच मोहिमेतली. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी उद्यान स्थापन करणाऱ्या कायद्यावर सही केली. हद्द कशी आखायची, तर गार्डनर आणि यलोस्टोन नद्यांच्या संगमापासून पूर्वेकडे निघायचं, यलोस्टोन सरोवराच्या पूर्व टोकाच्या पुढे दहा मैलांवर दक्षिणेला वळायचं, सरोवराच्या दक्षिण टोकाच्या खाली दहा मैलांवर पश्चिमेला. हा मजकूर मुलांच्या हातात द्यायचा आणि रेषा त्यांनाच काढू द्यायची. आमच्या नकाशाचं प्रमाण १:२,५०,००० आहे, म्हणजे १ सेंमीला अडीच किलोमीटर. दहा मैल म्हणजे सुमारे १६ किमी, नकाशावर ६.४ सेंमी. मैलांचे किलोमीटर करताना निम्मा वर्ग अडतो, म्हणून ही आकडेमोड फळ्यावर आधीच करून घ्यावी. पश्चिमेची बाजू आम्ही आखूनच देतो, नाहीतर पहिला तास तिथेच संपतो.

रेषा कागदावर आली तरी जमीन दिसत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याचा उठावाचा नमुना करायचा. उद्यानातली उंची सुमारे १,६०० मीटरपासून जवळपास ३,५०० मीटरपर्यंत जाते. समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) २५० मीटरच्या अंतराने घेतल्या की १,७५० ते ३,२५० असे सात थर होतात, तळाचा धरून आठ. पुठ्ठा ३ मिमी जाडीचा. या प्रमाणात २५० मीटर म्हणजे नकाशावर जेमतेम १ मिमी, म्हणजे आपण उंची तिप्पट करून दाखवतो. हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं. न सांगितल्यास ती यलोस्टोनला सुळक्यांचा प्रदेश समजतात. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग पठार आहे.

कापताना होणारी नेहमीची चूक म्हणजे एकाच पुठ्ठ्यातून सगळे थर कापणं. मग खालच्या थराला मधे भोक पडतं आणि वरचा थर बसायला आधारच उरत नाही. प्रत्येक थराला वेगळा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर दोन रेषा उतरवाव्यात : एक कापायची, दुसरी पुढचा थर नेमका कुठे बसेल ते दाखवणारी. पन्हाळीचा (आत नागमोडी थर असलेला) पुठ्ठा असेल तर एका थराच्या पन्हाळी आडव्या, पुढच्याच्या उभ्या ठेवाव्यात. सगळ्या एकाच दिशेने असल्या की गोंद सुकताना नमुना पापडासारखा वळतो. गोंद पातळ लावावा, वर पुस्तकांचं वजन ठेवून एक दिवस सोडावा. रंगाचे दोन हात देईपर्यंत त्यावर पाणी शिंपडू नये.

यात एक मोठी सुधारणा आम्हाला फार उशिरा सुचली. आधीचे नमुने आम्ही हद्दीवरच कापत होतो, त्यामुळे उद्यान समुद्रातल्या बेटासारखं दिसायचं. आता चहूबाजूंनी ५ सेंमी जास्त घेतो, म्हणजे हद्दीबाहेरचे साडेबारा किलोमीटर. नमुना साधारण ५० गुणिले ४५ सेंमीचा होतो आणि चार-पाच मुलं त्याभोवती नीट बसतात.

आता लाल दोरा. १८७२ ची सरळ हद्द टाचण्यांनी रोवायची आणि फवाऱ्याने पाणी शिंपडायचं. पूर्वेला दोरा ओढ्यांना आडवा जातो आणि जलविभाजकाशी (पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरकण्याशी) त्याचा काही संबंध नाही, हे कुणी न सांगता दिसतं. उत्तरेला यलोस्टोन नदी उतरत बाहेर पडते. हिवाळ्यात वर बर्फ साचला की एल्क हरणं आणि बायसन चाऱ्यासाठी याच उताराने खाली येतात आणि हद्द ओलांडतात. पहिली रेषा मुख्यतः गरम पाण्याचे झरे आणि नैसर्गिक नवलं सांभाळायला आखली होती, जनावरांच्या वाटा पाहून नव्हे. मग निळा दोरा. १९२९ मध्ये पूर्वेची हद्द बरीचशी डोंगरकण्याच्या बाजूने फिरवली. १९३२ मध्ये उत्तरेला हिवाळी चराईसाठी थोडी जमीन जोडली. निळा दोरा पुठ्ठ्याच्या कडांना धरून वळतो आणि मुलांना इतिहास भूगोलाकडे सरकताना दिसतो. संचातला हा भाग आम्हाला सगळ्यात प्रिय आहे.

काळासाठी वेगळी दोरी : १ सेंमी म्हणजे १ वर्ष. उद्यानाचं वय दीड मीटरच्या आसपास भरतं. इथे माणूस ११,००० वर्षांहून अधिक काळ वावरतो आहे, त्यासाठी ११० मीटर लागतात. ही लांबी शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष चालून मोजावी. शेवटच्या महाज्वालामुखी उद्रेकाला सुमारे ६,४०,००० वर्षं झाली, म्हणजे ६.४ किमी. ‘उद्यान होण्याआधी तिथे कुणीच नव्हतं’ ही समजूत मैदानावरच सुटते. शोशोन, बॅनॉक, क्रो ही इथल्या मूळ जमातींची नावं या वेळीच सांगावीत, नंतर तळटीप म्हणून नकोत.

तुलनेसाठी दोन कार्डं पुरतात. ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ : त्यात गावं आहेत, खासगी शेतं आहेत. दुसरं भारतातलं, १९३६ चं हेली, जे आधी रामगंगा आणि मग कॉर्बेट झालं. आधी गव्हर्नर, मग नदी, मग शिकारी-लेखक. एका उद्यानाची तीन नावं घेतली की काळ आपोआप समजतो.

शेवटी प्रत्येक गटाला हिरवा दोरा मिळतो. हद्द आणखी कुठे सरकवाल आणि त्या जमिनीवर आज कोण राहतं, हे दोन्ही कार्डावर लिहायचं. दुसरं उत्तर नसेल तर दोरा लावू द्यायचा नाही. आणि तो चिकटवायचा नाही, टाचण्यांवरच ठेवायचा, कारण पुढचा गट तो काढून दुसरीकडे लावणार असतो.