पर्थचा डॉक्टर दुपारी येतो

पर्थला कोणी पाहुणे येणार असले की पहिला प्रश्न ठरलेला, बघण्यासारखं काय आहे? आणि मी आपली सुरू होते ऊन आणि वाऱ्यावर. म्हणजे किंग्ज पार्क आहेच, ४०० हेक्टरचं, वरून स्वान नदी झकास दिसते, ते बघालच. पण ऑस्ट्रेलियातल्या राज्यांच्या राजधान्यांमध्ये सगळ्यात जास्त ऊन आमच्या वाट्याला आलंय, त्याच्याशी जमवून घेतलं नाही तर सुट्टीचे तीनतेरा!

मुंबईचं ऊन घामाने कळतं, इथलं कळतच नाही. हवा कोरडी, घाम येतो कधी नि वाळतो कधी, माणूस मजेत फिरतो आणि संध्याकाळी मान लालबुंद. त्यामुळे टोपी हवी, सनस्क्रीन हवं, तेही दर दोन तासांनी परत, 'आम्हाला उन्हाची सवय आहे' हा बाणा विमानतळावरच ठेवून यायचा. शिवाय दुपारचा सूर्य उत्तरेला, त्यामुळे सावली बघून दिशा सांगणाऱ्या काकालोकांची पंचाईत होते ती वेगळीच.

बीचला सकाळीच जा. उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो, गरम असतो पण कॉटस्लोचा समुद्र अगदी सपाट, पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात (पोहायचं मात्र लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच). मग जमीन तापते आणि दुपारी नैर्ऋत्येकडून खारा वारा सुटतो, फ्रीमँटल बंदराच्या बाजूने येतो आणि भाजून निघालेल्या गावाला बरं करतो म्हणून त्याचं नाव 'फ्रीमँटल डॉक्टर'. डॉक्टर आले की घरोघरी खिडक्या उघडतात, आणि बीचवर वाळू पिंडऱ्यांना सुयांसारखी टोचायला लागते, टॉवेल एकीकडे, टोपी दुसरीकडे, तेव्हा गुपचूप आवरून निघायचं.

क्रिकेटवाल्यांना हा वारा माहीत असतोच. वाका या पर्थच्या क्रिकेट मैदानावर स्विंग बोलर याचीच वाट बघायचे. २००८ मध्ये आपण तिथे ७२ रन्सनी जिंकलो तेव्हा मॅन ऑफ द मॅच कोण, तर स्विंगवाला इरफान पठाण!

रॉटनेस्ट बेटावर जाणार असाल तर सकाळची फेरी घ्या, दुपारी परतताना बोट चांगलीच हलते, पोट नाजूक असलेल्यांनी जपून. तिथे क्वोका भेटेल, कांगारूचा छोटा भाऊबंद, मांजराएवढा, सतत हसल्यासारखा चेहरा. फोटो खुशाल काढा, पण त्याने लाडवाच्या डब्यात नाक खुपसलं तरी द्यायचा नाही हं, दंड होतो!