पहाटे चारचे आकडे

रात्री दहाला लॉगिन, सकाळी सहाला लॉगआउट. डेटा एन्ट्रीच्या या रात्रपाळीला तीन वर्षं झाली. लोकांना वाटतं, बसून टायपिंग तर करायचं, त्यात काय एवढं! टायपिंग खरंच अवघड नाही. डाव्या स्क्रीनवर स्कॅन केलेला फॉर्म, उजव्या स्क्रीनवर रिकामे रकाने. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा मधल्या बोटाला लागला की हात आपोआप चालतो.

खरी रात्र तीननंतर सुरू होते. डोळे उघडे असतात, बोटं चालू असतात, पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हातानं लिहिलेले १ आणि ७ सारखेच दिसायला लागतात. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं; तेव्हा अंगात भरणारा गारठा नुसत्या एसीचा नसतो.

मागच्या महिन्यात माझ्या बॅचमधल्या, म्हणजे फॉर्मच्या एका गठ्ठ्यातल्या, रकमांची बेरीज मूळ बेरजेपेक्षा २७ने कमी भरली. फरकाला ९ने पूर्ण भाग गेला, तर आधी उलटे पडलेले अंक शोधायचे, हे मला एका सिनियर ताईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तशीच शोधत गेले. सापडलं: ६३च्या जागी ३६. एन्ट्रीची वेळ ४ वाजून ११ मिनिटं.

रकमेची चूक बेरजेत पकडली जाते. जन्मतारखेची बेरीज कोण करतं? त्यासाठी डबल एन्ट्री असते, म्हणजे दोघांनी तोच फॉर्म वेगवेगळा भरायचा आणि सिस्टीमनं जुळवायचा. आमच्याकडे रात्री माणसं कमी पडली की आधी तीच बंद होते. मला हे पटत नाही. चुका जिथे जास्त होतात, तिथलीच तपासणी काढायची? एक अंक चुकला की त्या फॉर्मवरचा माणूस पुढे हेलपाटे घालत बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, २०१९मध्ये तेच कायम ठेवलं. मी तीननंतर वीस मिनिटांची डुलकी मागितली, तर टार्गेट दाखवलं गेलं.

आता हस्ताक्षरातले फॉर्म मी बाराच्या आत संपवते, छापील मागे ठेवते. आणि सहाला पंधरा मिनिटं असताना तीन ते पाचमधल्या जन्मतारखा पुन्हा उघडून बघते. तो वेळ कशातच धरत नाहीत. परवा दोन चुकलेल्या सापडल्या.