चारांची दोन बोटं

पार्किंगमधल्या मांजरीने गाडी बदलली. दोन वर्षं तिची दुपारची झोप माझ्या गाडीखाली व्हायची. परवा बघतो तर बाईसाहेब शेजाऱ्यांच्या अर्टिगाखाली पाय ताणून पडलेल्या. मी उकिडवा बसलो, मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी आणून गाडीखाली उभी धरली. १२.५ सेंटिमीटर. मांजरीचंही बरोबरच आहे म्हणा.

गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. चार दारं आणि डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावरून एका मित्राशी दोनदा बिनसलंय, तेव्हा तो विषय नको. २०१५ साली आली, १४५ हॉर्सपॉवर, नाकावर विंचू. अबार्थ सुरू करणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून विंचू. असला विंचू घेऊन मी रोज ऑफिसला जातो आणि येताना कोथिंबीर आणतो. कंपनीनेच ती साध्या पुंटोपेक्षा खाली बसवून दिली होती, तरी चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट डोळ्यांत खुपायची. चार बोटं सहज जायची. गेल्या वर्षीची पँट यंदा घातलेल्या मुलासारखी दिसायची गाडी. फटीत बोटं घालून बघायची सवय ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. ज्यांना नाही, ते सुखी आहेत.

शेवटी आखूड, कडक स्प्रिंगा आणल्या. “कशाला खर्च? आहे तीच स्प्रिंग कापू, दीड वेटोळं उडवतो,” असं एक मेस्त्री म्हणाला होता. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं, पण तिचं टोक धड बसत नाही आणि खड्ड्यात चाक लटकलं की ती जागची हलू शकते. त्याला नको म्हटलं, एवढाच या प्रकरणातला माझा शहाणपणा. गाडी ३० मिलिमीटर खाली आली. चारांची दोन बोटं झाली. चाकांचं अलाइनमेंट करून निघालो, चांदणी चौकाच्या वळणावर गाडी जराही न कलंडता वळली आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. शिट्टी वाजवत घरापर्यंत आलो. म्हणजे सोसायटीच्या गेटापर्यंत.

खर्रर्र.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. त्यावर गाडी हळूच चढते, हळूच उतरते. आमच्या गेटापुढचा उरलेल्या सिमेंटचा आहे. उंचीला थोडा जास्तच, रुंदीला हातभर. पुढची चाकं पार होतात आणि पोट माथ्यावर टेकतं. आता मी गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवत. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

तो आवाज मात्र ओळखीचा निघाला.

आमची प्रीमियर पद्मिनीही फियाटच. ती कुर्ल्याच्या कारखान्यातली, ही रांजणगावच्या, घराणं एकच. मे महिन्यात दापोलीहून परतताना तिच्यात आम्ही सहाजण, आंब्याच्या चार पेट्या, दोन फणस आणि हिराच्या झाडूंची जुडी. मागच्या स्प्रिंगांचे पाटे इतके बसायचे की रात्री हेडलाइटात रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दिसायचे. वरंध घाटात उखडलेला पट्टा आला की बाबा ब्रेक मारायचे. “उतरा रे सगळे!” आजी उतरायची नाही. “फणस उतरवा आधी, मी त्याच्याहून हलकी आहे,” म्हणायची. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. बाबांनाही राहवायचं नाही, काकाच्या हातात स्टिअरिंग देऊन ते स्वतः उतरायचे. ते उतरले की गाडी चांगली वर उचललेली दिसायची. भरदार माणूस. मग दगडावर खर्रर्र, आणि सगळे गप्प. बाबा तिथेच डांबरावर पेपर अंथरून आडवे व्हायचे, खाली हात घालून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर चाचपायचे, आणि काळं बोट वर करून जाहीर करायचे, “चेंबर शाबूत!” पुण्यात आल्यावर गॅरेजात एक पाटा वाढवायचा, हे दरवर्षीचं.

स्प्रिंगांचा खर्च मी त्यांना निम्माच सांगितला होता. तरी म्हणाले, “लोक पैसे देऊन पाटे चढवतात. तू पैसे देऊन बसवलेस?”

कालच त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं. गेटापाशी आलो, तर म्हणाले, “थांब, उतरतो.”

“अहो बाबा, काही गरज नाही.”

“थांब म्हटलं ना.”

गाडी खाली गेल्यापासून त्यांना उतरायला वेळ लागतो. आधी एक पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला हात, मग थोडं थांबून दुसरा पाय. गतिरोधकाच्या पलीकडे जाऊन ते उभे राहिले आणि जुन्या सवयीने हाताने ‘ये, ये’ करू लागले. मी तिरकी घातली. घासली नाही.

दार उघडून द्यायला उतरलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “किती आली रे वर?”

मी वाकून त्यांच्या बाजूच्या चाकावर बोटं घालून बघितलं. दोन.

“बरीच आली,” म्हटलं.