चोवीस व्होल्टच्या बँकेतून निघालेली बारा व्होल्टची तार

मार्च महिना, मेळघाटातली एक संरक्षण कुटी. महावितरणची लाइन इथवर येत नाही. जे काही चालतं ते छतावरच्या दोन पॅनेलवर आणि दोन बॅटऱ्यांवर. तक्रार अशी की पंप सुरू केला की पाच-सात सेकंदांत इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ची शिट्टी मारून बंद होतो आणि त्याच वेळी वायरलेस सेटही मरतो.

वनरक्षकाने मीटर आधीच लावून ठेवला होता. ‘‘भाऊ, मीटर तं चोवीस दाखवते, मंग पंप काहून बंद पडते?’’

पॅनेलचा एमसीबी (खटका) पाडून, लोड काढून मीही मोजलं. बँकेच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या दोन बॅटऱ्यांच्या, दोन टोकांना २४.४ व्होल्ट. लेड-ॲसिडला हा आकडा भरलेला नाही, पण मेलेलाही नाही. एवढ्यावर अर्धा अश्वशक्तीचा पंप वीस मिनिटं चालायलाच हवा. मला खटकत होता तो वायरलेस. तो इन्व्हर्टरवर चालतच नाही, थेट डीसीवर चालतो. मग इन्व्हर्टरसोबत त्याने का मरावं?

त्याची तार धरून मागे गेलो तर ती खालच्या, म्हणजे बँकेच्या निगेटिव्ह बाजूच्या, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर संपली. त्याच टर्मिनलांवर १२ व्होल्टचे दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंगचं सॉकेटही.

आधी ही सगळी यंत्रणा १२ व्होल्टची होती: १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या समांतर, १५० वॉटची ३६ सेलची दोन पॅनेल समांतर, आणि ८५० व्हीएचा लहान इन्व्हर्टर. मग टाकीत पाणी चढवायला पंप आला. पंप चालताना साधारण ५५० वॉट ओढतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या चार-पाच पट. लहान इन्व्हर्टरला ते झेपेना, म्हणून २ केव्हीएचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आला. तेवढाच पंप २४ व्होल्टवर २७ अँपिअर घेतो. निवड बरोबर होती. जोडणाऱ्याने बॅटऱ्या सिरीजमध्ये घेतल्या (एकीमागे एक, म्हणजे व्होल्टची बेरीज होते), पॅनेलही सिरीजमध्ये घेतले (हे बरेच जण विसरतात, ३६ सेलची पॅनेल समांतर ठेवली तर २१-२२ व्होल्टच्या वर जात नाहीत आणि २४ची बँक कधीच चार्ज होत नाही). पॅनेलवरून बॅटऱ्या भरणारा कंट्रोलर १२/२४ आपोआप ओळखणारा होता, त्याने २४ पकडलं. फक्त वायरलेसची तार होती तिथेच राहिली, कारण सेटला १२ हवे होते आणि त्या बॅटरीवर १२ मिळत होते.

बॅटऱ्या सुट्या मोजल्या. वरची १२.५७, खालची ११.८२. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी; घनता कमी म्हणजे चार्ज कमी) घातला: वरच्या बॅटरीच्या सेलमध्ये १.२५५ आणि पाणी खालच्या खुणेच्याही खाली, खालच्या बॅटरीत १.१३०. पंप सुरू करून पुन्हा मोजलं तर वरची ११.७, खालची ९.२. बेरीज २०.९. इन्व्हर्टरचा लो-कट २१ला. आणि ९.२ व्होल्टवर १३.८चा वायरलेस सेट चालणार कसा?

हिशेब असा. सेट नुसता ऐकत असताना ०.४ अँपिअर घेतो, दिवसाचे झाले दहा अँपिअर-तास. बोलताना सहा अँपिअर. दिवसभरात अर्धा तास धरला तर तीन. दोन दिवे सहा तास, म्हणजे पाच. एकूण अठरा अँपिअर-तास रोज फक्त खालच्या बॅटरीतून जातात. भरताना मात्र सिरीजमध्ये दोघींना सारखाच करंट मिळतो. कंट्रोलर बेरीज बघतो, २८.८ला थांबतो. ती बेरीज १५.३ आणि १३.५ अशी होते हे त्याला दिसत नाही. वरची रोज उकळते, पाणी उडवते. खालची रोज उपाशी राहून प्लेटांवर सल्फेट धरते, म्हणजे क्षमता गमावते.

तार वरच्या बॅटरीवर असती तर प्रकरण आणखी वाईट. सेटचा निगेटिव्ह बँकेच्या निगेटिव्हपेक्षा १२ व्होल्ट वर बसतो, आणि अँटेनाचा खांब व बँकेचा निगेटिव्ह दोन्ही अर्थिंगला (जमिनीला) जोडलेले असतील तर थेट शॉर्ट.

खालची बॅटरी आधी एकटीने भरायला हवी होती. चार्जर नव्हता, पण पॅनेल १२ व्होल्टची होती हे सोयीचं पडलं. पॅनेल सोडवली, मग कंट्रोलरवरून बँक सोडवली. पॅनेल समांतर केली, कंट्रोलरला आधी खालची बॅटरी जोडली, त्याने १२ पकडल्यावर पॅनेल. सोळा अँपिअरच्या आसपास येत होते. दोन दिवस उन्हात असंच ठेवलं. तेवढे दिवस वायरलेस आता सुट्या असलेल्या वरच्या बॅटरीवर. तिला रिकामं होणं चालणार होतं. डिस्टिल्ड वॉटर वरच्या बॅटरीत लगेच प्लेटा बुडतील इतकं, बाकी चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं.

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या पाच सेलमध्ये १.२२५, सहाव्यात १.१९०. पुन्हा सिरीज केली. वायरलेस आणि दिवे २४चे १३.८ करणाऱ्या दहा अँपिअरच्या डीसी कन्व्हर्टरवर घेतले. त्याच्या तारा बँकेच्या दोन टोकांना, पॉझिटिव्हला बॅटरीजवळच दहा अँपिअरचा फ्यूज. मधल्या जोडावर रबरी टोपी चढवली, म्हणजे कोणाला तिथे चिमटा लावायचा मोह होणार नाही. बॅलन्सर (दोन बॅटऱ्यांचे व्होल्ट सारखे राखणारं यंत्र) लावूनही भागलं असतं, पण मधून लोड घेतच राहायचा असेल तर तो रोज तेच भगदाड बुजवत बसतो.

जाताजाता इन्व्हर्टरचा रिकामा खप मोजला: एक अँपिअरच्या वर, म्हणजे २५-३० वॉट. चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला सहाशे-सातशे वॉट-तास. ही दोन पॅनेल चांगल्या दिवशी एक किलोवॉट-तासाच्या आसपास देतात आणि पंपाला वीस मिनिटांना लागतात सव्वादोनशे. इन्व्हर्टर पंपापुरताच चालू करायचा असं ठरवून बटणाखाली खडूने लिहून ठेवलं.

महिन्याभराने वनरक्षकाने फोनवर आकडे सांगितले: वरची १२.६, खालची १२.५, पंप वीस मिनिटं चालतो. सहावा सेल १.२०५वर अडकला आहे.