पवनचक्क्यांच्या पठारावर डच ओव्हन: थंडीवाऱ्यात मटण आणि पाव

साताऱ्याहून सज्जनगडाच्या अंगाने ठोसेघरचा रस्ता धरायचा आणि धबधबा मागे टाकून वर चढत राहायचं, की चाळकेवाडीचं पठार लागतं. जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या. त्या इथे उभ्या केल्या त्या वाऱ्यासाठीच, आणि डिसेंबरात इथे उघड्यावर रांधायचं ठरवलं तर आपली गाठही त्याच वाऱ्याशी पडणार. मी, बायको, ताई आणि दाजी असे आम्ही बिडाचे दोन डच ओव्हन घेऊन गेलो होतो. बेत साधा होता: मटणाचा रस्सा आणि त्याच्याबरोबर तिथेच भाजलेला पाव.

मुक्काम ओळखीच्या आबांच्या पडीक वावरात, त्यांना विचारून. सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, चूल मांडू नका, हे आधीच सांगून ठेवतो. तिथल्या जांभा दगडावर जेमतेम बोटभर माती असते आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या रोपांचं बी, कंद त्यातच असतं. फुलांच्या कास पठारावर तर हा विचारही मनात आणू नये.

डच ओव्हन म्हणजे बिडाचं जाड भांडं. खाली तीन पाय, आणि झाकणाला उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घरंगळत नाहीत. खाली विस्तव आणि वर विस्तव ही रीत आपल्याकडे नवी नाही. निनाव हा गोड पदार्थ असाच भाजायचे, आणि पातेल्यावर निखाऱ्यांची परात ठेवून केलेला केक अनेकांनी आजोळी खाल्ला असेल. हिशोब सोपा आहे. भांडं जितके इंच रुंद, त्याच्या दुप्पट निखारे घेतले की आत साधारण १७५ अंश सेल्सियस उष्णता मिळते. १२ इंची भांड्याला २४. भाजायचं असेल तर त्यातले दोन हिस्से वर आणि एक हिस्सा खाली. रस्सा शिजवायचा असेल तर उलट, खाली जास्त. हा हिशोब एकसारख्या साच्यातल्या कोळशाचा आहे. आपल्याकडे लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा मिळतो, त्याचे लिंबाएवढे तुकडे निवडून घ्या. भुगा घरीच ठेवा, वाऱ्यात त्याच्या ठिणग्या उडतात.

वारा सुटला की हा हिशोब कोलमडतो आणि बहुतेक जण कोळसा वाढवत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की आधी आडोसा करावा, कोळशाचं नंतर बघावं. वाऱ्याच्या बाजूचे निखारे पांढरे होऊन भराभर जळून जातात, आडबाजूचे सुस्त राहतात, आणि झाकणावरची ऊब वारा भांड्याला लागूच देत नाही. अशात कोळसा वाढवला की रस्सा एका बाजूला करपतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता कोमट राहतो. आम्ही जुना पत्रा तीन बाजूंनी वाकवून दगडांनी आवळला. उंची झाकणाच्या वर चार बोटं, आणि भांड्यापासून वीतभर अंतर. चौथी बाजू मोकळीच हवी, नाहीतर निखारे गुदमरतात. दगड कोरडे बघून घ्या. जांभा पाणी पितो, आणि ओला दगड विस्तवाजवळ फुटू शकतो.

आबा काठी टेकत बघायला आले आणि म्हणाले, "भुईवर नका ठिवू पावनं. दहिवर पडतंय, भुई समदी ऊब वढून घिती." दहिवर म्हणजे दव. बरोबर बोलले. आम्ही तीन विटांवर दुसरा पत्रा टाकून त्यावर निखारे मांडले. थंडीत वाऱ्याइतकीच ऊब ही ओली जमीन खाते.

मटणाला वेळ हातात ठेवून बसा. हजार मीटरच्या वर पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं, आणि बिडाचं झाकण जड असलं तरी तो कुकर नव्हे. मटण घरूनच आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून आणलं होतं. कांदा-लसूण मसाला तिथे घातला. पाणी घालायचं तर उकळतंच घालावं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर भांडं तडकतं, आणि तडकलेलं बीड सांधत नाही.

पावाचं खरं दुखणं भाजण्यात नाही, पीठ फुगण्यात आहे. गारठ्यात यीस्ट आळसावतं. ताईने पिठाचा डबा गोधडीत गुंडाळून पत्र्याच्या आडबाजूला ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहिली. पिठात बोट रुतवलं आणि खळगा सावकाश, अर्धवट भरून आला, तेव्हा तिने गोळे केले. घड्याळाकडे तिने पाहिलंही नाही. पावाचं १० इंची भांडं आम्ही मटणाच्या झाकणावर चढवलं, म्हणजे खालच्याच्या झाकणावरचे निखारे वरच्याचा तळ झाले. कोळसा वाचतो आणि दोन्ही भांडी एकाच आडोशात मावतात. मटण मात्र त्याआधी नीट बघून घ्या, नंतर ते सहज उघडता येत नाही.

दर दहा मिनिटांनी भांडं चतुर्थांश फेरा एका दिशेला आणि झाकण तितकंच उलट दिशेला फिरवायचं. हे काम दाजींनी अंगावर घेतलं होतं आणि पावाचा रंग सगळीकडून सारखा आला, याचं श्रेय त्यांचंच. झाकणासाठी लोहाराकडून सळईचा आकडा करून घ्या, सांडशीच्या भरवशावर राहू नका. उचलण्याआधी राख कुंच्याने झाडा आणि वाऱ्याकडे पाठ करून उघडा. साचलेली राख मधूनमधून झाडलीच पाहिजे, ती निखाऱ्यावर पांघरूण घालते. जास्तीचे निखारे वेगळ्या घमेल्यात पेटते ठेवा. थंडीवाऱ्यात नेहमीच्या दीडपट कोळसा न्यावा.

डिसेंबरात तिथलं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. चुलीभोवतीचं गवत आधी काढून टाका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. गारठा कितीही असो, निखाऱ्यांचं घमेलं तंबूत किंवा गाडीत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून, काडीने ढवळून, पुन्हा ओता आणि राख हाताला गार लागली की मगच गाडी काढा. भांडं साबण न लावता कोमट पाण्याने धुवा, विस्तव विझवण्याआधीच त्यावर कोरडं करा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. त्या दहिवरात ओलं राहिलेलं बीड सकाळपर्यंत गंजतं.