शेवाळ्याचा काही भरवसा नाही

दुपारी खिडकीतली बाटली घासत बसले होते. काचेची बाटली, वेलीची एक फांदी मुळं फुटावीत म्हणून तिच्यात ठेवलेली, मुळं फुटली पण त्याच्या आधी आतून सगळीकडे हिरवा थर धरला, आणि तोही अशा ठिकाणी की ब्रश आत जातो पण मानेखालच्या वळणाला काही केल्या पोचत नाही. ऊन, ऊब, साचलेलं पाणी आणि वर मीच टाकलेलं चिमूटभर खत. एवढं जमून आलं की शेवाळ्याला बोलवावं लागत नाही. बादली असो, फिशटँक असो, सगळीकडे हेच. त्यामुळे समुद्र तापतोय असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य आपण सगळे आपोआप पूर्ण करतो, म्हणजे आता शेवाळं माजणार. हिशोब सरळ आहे. फक्त समुद्र तो ऐकत नाही, निदान सगळीकडे तरी नाही, आणि खरं सांगू तर ह्या हट्टीपणासाठीच मला तो आवडतो.

लहानपणी आमच्याकडे सिमेंटची एक उघडी टाकी होती. सुट्टीत भर दुपारी तिच्या काठावर पोट टेकून खांद्यापर्यंत हात आत सोडायचा हा माझा आवडता रिकामा उद्योग. दंडाला पाणी चांगलंच कोमट लागायचं आणि बोटं मात्र गार. मधे कुठेतरी, कोपराच्या आसपास, एक रेघ असायची. दिसायची नाही, पण हात सावकाश वरखाली केला की नेमकी कळायची, इथवर ऊन, इथून खाली विहीर. वरच्या भिंतीला बुळबुळीत शेवाळं, त्यावर नखाने नाव लिहायचं, अक्षराच्या कडेने खरवडलेलं हिरवं पाण्यात तरंगायला लागायचं, आणि थोड्या दिवसांनी बघावं तर नाव बुजलेलं. कधीकधी गोगलगाय त्या अक्षरांवरून चालत गेलेली असायची, तिची वाट नावापेक्षा जास्त स्वच्छ दिसायची. मग आतून कुणीतरी ओरडायचंच, पाणी ढवळू नका गं, तळाचा गाळ वर येतो.

समुद्राची सगळी गोम ह्या ओरडण्यात आहे.

कोपराजवळची ती रेघ समुद्रातही असते, फक्त तिथे ती बरीच मीटर खाली असते. वरचं पाणी तापतं, तापलेलं हलकं म्हणून वरच राहतं, खालचं गार आणि जड. आता पंचाईत अशी की उजेड सगळा वर आणि खायला लागणारं नायट्रेट, फॉस्फेट बहुतेक खाली, कारण वर जे काही मरतं ते बुडून तिकडेच जातं आणि कुजून तिथेच राहतं. शेवाळ्याला दोन्ही पाहिजे. म्हणून समुद्राला कुणीतरी ढवळावं लागतं, वारा ढवळतो, हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं तेव्हा ढवळलं जातं, काही किनाऱ्यांवर वाऱ्यामुळे खालचं पाणी आपणहून वर येतं. आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे जी जादा उष्णता साचतेय तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राच्या पोटात गेलीये, आणि ती शिरते वरूनच. म्हणजे वरचं पाणी अजून हलकं, रेघ अजून पक्की आणि वाऱ्याचं काम अजून अवघड. उष्ण कटिबंधात भर समुद्रात पाणी तापतं तेव्हा शेवाळं माजत नाही, ते उपाशी राहतं. पेरूच्या किनाऱ्याला एल निनोच्या वर्षी हेच होतं, कोमट पाण्याचा जाड थर येऊन बसतो, खालचं सकस पाणी वर पोचत नाही, शेवाळं नाही म्हणून अँचोव्ही मासे नाहीत, मासे नाहीत म्हणून पक्षी उपाशी. हिंदी महासागराच्या पश्चिम भागाबद्दल २०१६ साली एक अभ्यास आला होता, त्यात म्हटलंय की तिथलं हे सूक्ष्म शेवाळं सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलंय.

पोस्टरवर, वॉलपेपरवर जो निळाशार समुद्र असतो ना, तो बघून मला हल्ली आनंद वगैरे होत नाही. इतकं निळं म्हणजे पाण्यात कुणी नाही. गढूळ हिरवट समुद्राचं पोस्टर मात्र कुणी छापत नाही, आणि भरल्या घरासारखा तोच असतो.

आणि हे कुणी म्हणजे ऐरेगैरे नाहीत हां. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळजवळ निम्मं हे तरंगणारे जीव करतात, सगळी जंगलं, शेतं, गवत एका बाजूला आणि हे डोळ्यांना न दिसणारे एका बाजूला. त्यातला सगळ्यात बारीक प्रोक्लोरोकॉकस, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, खरं तर बॅक्टेरिया आहे पण काम शेवाळ्याचंच करतो, त्याची माणसाला रीतसर ओळख झाली १९८८ साली. चंद्रावर जाऊन आल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी! पाणी तापून खाणं कमी झालं की डायटम नावाचं त्यांच्याहून मोठं शेवाळं मागे पडतं आणि असल्या चिमुकल्यांचं फावतं, कारण त्यांना लागतंच थोडं. पण एवढंसं खायला तोंडही एवढंसंच लागतं, मग त्याला खाणारा, त्याला खाणारा अशी रांग लांबते आणि शेवटी माशापर्यंत फारच थोडं पोचतं.

मोजतात कसं हे, ह्यात मी मागे बराच वेळ घालवलाय. १८६५ साली अँजेलो सेक्की ह्या धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात दोरीला बांधून पांढऱ्या तबकड्या सोडल्या. तबकडी दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, संपलं. पाण्यात जीव जास्त तर तबकडी लवकर गायब. इतकं सोपं म्हटल्यावर जगभर सगळे दीडशे वर्षं तबकड्या सोडत बसले आणि नोंदी साठत गेल्या. २०१० साली काही शास्त्रज्ञांनी त्या नोंदी आणि नंतरचे हरितद्रव्याचे नमुने एकत्र करून सांगितलं की जगातलं हे शेवाळं दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतंय. खळबळच उडाली. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात इतरांनी लिहिलं की बाबांनो, तबकडीची मापं आणि नमुन्यांची मापं एकमेकांत मिसळलीत, घट त्या मिसळण्यातून आलेली असू शकते. मूळ लेखकांनी त्यालाही उत्तर दिलं. मला हे भांडण फार आवडतं, कारण त्याच्या मुळाशी दोरी धरून वाकलेला आणि आता दिसतेय का नाही म्हणून डोळे बारीक करणारा एक माणूस आहे.

मग उपग्रह आले. त्यातल्या एकाची २००२ पासूनची वीस वर्षांची मापं बघून २०२३ साली निघालं की ५६ टक्के समुद्राचा रंग बदललाय, आणि विषुववृत्ताजवळचे भाग हळूहळू हिरवटच होतायत. घ्या! आत्ता तर म्हणत होतो उपाशी राहतं. पण रंग हिरवा झाला म्हणजे शेवाळं वाढलंच असंही नाही, तिथे राहणारी मंडळी बदलली तरी रंग बदलतो. शिवाय हा बदल इतका फिका की नुसत्या डोळ्याला पत्ता लागू नये. त्यामुळे वाढतंय की कमी होतंय ते एका वाक्यात सांग असं जे विचारतात त्यांना मी विषय बदलून दुसरंच काहीतरी सांगते.

बाटलीचा नियम चालतो तो किनाऱ्याजवळ. तिथे नद्या शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी आणून ओततात, खाली हात घालायची गरजच उरत नाही, मग ऊब मिळाली की पुरे. आणि त्यात नेमकं विषारी शेवाळं जमलं तर बघायलाच नको. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आधी पिवळट फेस आला आणि सर्फिंग करणाऱ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला सुरू झाला. समुद्र नेहमीपेक्षा साधारण अडीच अंशांनी तापलेला, वारा पडलेला, आणि त्यात कॅरेनिया नावाचं शेवाळं माजलेलं. आधीच्या वर्षांतल्या पुराने समुद्रात आणलेल्या खताचाही त्यात हात असावा असं तिथले लोक म्हणतात. ते महिनोन्‌महिने हटलं नाही. शार्क, पाकट, खेकडे, ऑक्टोपस, काय काय मरून वाळूवर आलं त्याच्या याद्या लोक करत होते.

त्या यादीत लीफी सी-ड्रॅगन पण होता. हा समुद्रघोड्याचा नातेवाईक, फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांलगत सापडतो. अंगाला जिकडेतिकडे पानांसारख्या झालरी, तपकिरी हिरव्या, पाण्याबरोबर डुलतात, आणि एरवी बघणाऱ्याला वाटतं शेवाळ्याचाच तुकडा वाहत चाललाय. जन्मभर त्याचा बचाव एवढाच, शेवाळ्यात शेवाळं होऊन राहायचं. पोहता येतं ते जेमतेम, आणि पळता तर येतच नाही.